जुनी ऑक्टाव्हिया आरएस घरी उभी करताना: काय भंगारातून, काय नवंच

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली, त्यामुळे ही गाडी तशी मराठवाड्याचीच. 2004 ला तिची आरएस, म्हणजे वेगवान आवृत्ती, आली: 1.8 लिटरचं, वीस व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 बीएचपी, पाच गिअर. मागचं दार काचेसकट वर उचललं जातं, मग तिला सेडान म्हणायचं का, यावर वाद घालणारे घालोत. आज ही गाडी सापडते ती एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, नाहीतर आखाड्यावरच्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, चारही टायर बसलेल्या अवस्थेत. मालक सांगतो, "काही नाही, फक्त बॅटरी उतरलीय."

या इंजिनाचं लोखंड नीट तेल मिळालं तर दोन-अडीच लाख किलोमीटर सहज काढतं. त्याच्या कितीतरी आधी जीव सोडतं ते रबर आणि प्लास्टिक, आणि त्याला घाई करतं आपलं ऊन आणि बोअरचं पाणी. म्हणून कामाचा क्रम ठरलेला ठेवा: आधी पाणी, मग तेल, मग हवा. ताकद वाढवणारी चिप, मोठा सायलेन्सर हे विषय त्यानंतर, आणि काढलेच नाहीत तरी गाडीचं काही बिघडत नाही.

पैसे देण्याआधी

आरसी आधी बघा, बॉनेट नंतर उघडा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे 2004 च्या गाडीचं पहिलं नूतनीकरण 2019 ला आणि दुसरं 2024 ला झालेलं हवं. ते राहिलं असेल तर दंड आणि पर्यावरण कर कोण भरणार हे व्यवहारातच ठरवा. कारसाठी नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली. चेसिस नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल तर तो व्यवहार सोडा. पासिंगला गाडी उभी केली की हे लपत नाही. एमएच-20 ची गाडी नांदेडला किंवा लातूरला नेणार असाल किंवा तिथेच ठेवणार असाल, नाव बदलण्याचं काम धरूनच चाला.

मग किल्ली. चिप असलेली मूळ किल्ली आणि मूळ मीटर कन्सोल गाडीसोबत पाहिजेच. या गाडीत किल्ली, मीटर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) एकमेकांना ओळखतात. भंगारातला मीटर आणून बसवला तर इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदात बंद पडतं आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहतो. ते जुळवायला गुप्त कोड आणि स्कॅनरवाला (ईसीयू वाचणारं यंत्र असलेला) माणूस लागतो.

इंजिन फिरतं का ते स्टार्टरने बघू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाका, रात्रभर ठेवा आणि क्रँकच्या बोल्टवर 19 चा बारा टोकांचा सॉकेट लावून हाताने घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवा. अडकलं तर जोर करू नका. बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटलेले असू शकतात. फिरलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा: 10 बारच्या पुढे उत्तम, 7 बार ही शेवटची मर्यादा, आणि चार सिलिंडरमध्ये 3 बारपेक्षा जास्त फरक नको.

स्पेअरची गाडी कुठली

आरएस शोधत बसू नका, मिळणार नाही. साधी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया, 1.9 टीडीआय (डिझेल) असली तरी चालेल, ही खरी खाण आहे. ती आपल्याकडे 2010 पर्यंत विकली गेली आणि सांगाडा तोच आहे. दारं, काचा, बॉनेट, डिकी, काचेची मशिनं, दाराची कुलुपं, सस्पेन्शनचे खालचे आर्म, डॅशबोर्डचे तुकडे, बिजागऱ्या, ब्रॅकेट हे सगळं बसतं. लॉराचं काही घेऊ नका. तो प्लॅटफॉर्म वेगळा, चाकाचे बोल्टसुद्धा 5×112 वर (पाच बोल्ट, 112 मिमीच्या वर्तुळावर). आपली गाडी 5×100. उलट पोलो-व्हेंटो-रॅपिडची अलॉय 5×100 ची आणि मधलं भोकही 57.1 मिमीचं, त्यामुळे चाकं गेलेली असतील तर तिकडे बघा. फक्त ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहायचं.

टीडीआयचे ब्रेक डोळे झाकून घेऊ नका. डिस्कचा व्यास आणि जाडी दोन्ही मोजून जुळली तरच. पुढच्या स्प्रिंगाही नकोत, डिझेल इंजिनाचं वजन वेगळं.

भंगारवाल्याकडे जाताना सोबत कटर ठेवा आणि वायरिंगचे प्लग मागे 15 सेंटीमीटर वायर ठेवून कापून आणा. इग्निशन कॉइलचे चार, एअरफ्लो (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरचा, तापमान सेन्सरचा, हेडलाइटचे. उन्हाने हे प्लग बिस्किटासारखे झालेले असतात, क्लिप दाबली की तुटते, आणि सुटे मिळत नाहीत. गाडी एकदा कापून जालन्याच्या सळईच्या भट्टीकडे निघाली की असल्या चिल्लर वस्तूंना कुणी वाली नसतो. म्हणून ओळख ठेवा आणि लवकर पोचा. घेतलेल्या मोठ्या भागाची पावती घ्या.

भंगारातून कधीच आणायचं नाही ते असं: टायमिंग बेल्ट आणि त्याचे रोलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंटचे प्लास्टिक भाग, ब्रेकचे पाइप आणि पॅड, बॉल जॉइंट, पेट्रोलचे होज, टायर, एअरबॅग. एअरबॅगबाबत तर चर्चाच नको. नवे भाग मागवताना मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. 1.8 टर्बोची बरीच भावंडं आहेत, चेसिस नंबर आणि इंजिन कोड देऊनच मागवा.

पाणी

मराठवाड्यात या गाडीचं मरण बहुतेक वेळा इथून येतं. कूलंट कमी झालं की कुणीतरी बोअरचं पाणी ओततं. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, मे महिन्यात बाहेर 43 अंश, आत एसी चालू, आणि हेड गॅसकेट जाते. अशा रेडिएटरमध्ये ॲसिड टाकून धुण्याचा उद्योग करू नका; ॲल्युमिनियम पातळ होऊन महिन्याभरात गळायला लागतं. नवा बसवा.

सोबत हे सगळं एकाच वेळी बदलायचं: वरचा-खालचा होज, 87 अंशांचा थर्मोस्टॅट, एक्सपान्शन टाकीचं झाकण, आणि हेडच्या डाव्या बाजूला असलेला काळा प्लास्टिकचा फ्लँज (होज जोडायचं तोंड). हा फ्लँज नीट बघा. त्याच्यातच तापमानाचा सेन्सर क्लिपने अडकवलेला असतो, खाली ओ-रिंग. बाहेरून धडधाकट दिसतो. होजची क्लिप सैल करून होज जरा पिळला की तोंडाचा तुकडा हातात येतो. गिअरबॉक्सच्या वरच्या भागावर गुलाबी पांढुरके डाग दिसले तर गळती इथलीच. सेन्सर आणि ओ-रिंगही लगे हाथ नवी घाला.

जुन्या वॉटर पंपाचा पंखा प्लास्टिकचा असतो. तो दांड्यावर सैल होतो किंवा पाती तुटतात. पंप गळत नाही, आवाज करत नाही, फक्त पाणी ढकलत नाही. नवा धातूच्या पंख्याचा घ्या; तो टायमिंग बेल्टच्या मागे असल्याने बेल्टच्या कामातच बसतो.

कूलंट जी-12, लाल-गुलाबी. हिरव्या-निळ्यात मिसळलं की तपकिरी चिखल होतो, म्हणून टाकीत काय आहे हे माहीत नसेल तर सगळं काढून डिस्टिल्ड वॉटरने, बाहेर स्वच्छ येईपर्यंत, धुवा. भरताना साधारण 3 लिटर कूलंट आणि 3 लिटर डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नको, बॅटरीच्या दुकानातलं घ्या. भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, मग पातळी पुन्हा भरा. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे सांगायला नको.

रेडिएटरच्या पंख्याचं दुखणं वेगळं. पहिल्या वेगाचा रेझिस्टर जळतो आणि पंखा फक्त दुसऱ्या वेगावर, म्हणजे उशिरा, लागतो. तपासायला एसी चालू करा: पंखे लगेच संथ फिरले पाहिजेत. बॅटरीवर जो फ्यूज बॉक्स बसतो त्यात पंख्याच्या फ्यूजभोवतीचं प्लास्टिक वितळलेलं आहे का तेही बघा. असेल तर बॉक्स आणि ती वायर दोन्ही बदला. नुसता फ्यूज बदलून पुन्हा तेच होतं.

आणि मीटरच्या काट्यावर विसंबू नका. या गाड्यांचा काटा साधारण 75 ते 105 अंशांपर्यंत 90 वरच चिकटून राहील असाच बनवलेला आहे. तो हलला तोवर उशीर झालेला असतो. खरं तापमान स्कॅनरवर बघायचं.

टायमिंग बेल्ट

किती किलोमीटर झाले याला इथे अर्थ नाही. जुनी गाडी आणली की बेल्ट नवा, आणि पुढे धूळ-उष्णता धरून 60,000 किलोमीटर किंवा 4 वर्षं, जे आधी येईल ते. पूर्ण किट घ्या: बेल्ट, टेन्शनर रोलर, बेल्टचा ताण धरणारा हायड्रॉलिक डॅम्पर, वॉटर पंप.

1. गाडी स्टँडवर, उजवं पुढचं चाक काढलेलं. तेलाच्या चेंबरखाली लाकडाची फळी ठेवून जॅकने इंजिनाला हलका आधार, मग उजवीकडचं माउंटिंग काढा. त्याचे बोल्ट ताणले जाणारे असतात, परत वापरू नका.
2. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवून कॅम पुलीची खूण मागच्या कव्हरच्या खुणेशी आणि क्रँक पुलीची खूण खालच्या कव्हरच्या खुणेशी आणा. वर पांढऱ्या पेनने स्वतःच्या खुणाही करून ठेवा. एक फोटो काढा.
3. डॅम्पर दाबायला त्याच्या भोकात एम-5 चा 55 मिमी लांब आटेदार दांडा घालून वरून वॉशर-नट लावा आणि नट अगदी सावकाश आवळा. घाई केली तर आतलं सील जातं आणि नवा डॅम्पर पहिल्या दिवसापासून खडखडतो. दाबला की पिन घालून अडकवा.
4. पंपाची बसण्याची जागा साफ करा, नव्या ओ-रिंगला कूलंटचं बोट लावून बसवा, बोल्ट टॉर्क पान्याने 15 एनएम (न्यूटन-मीटर).
5. बेल्ट चढवा, पिन काढा, हाताने दोन पूर्ण फेरे. खुणा केसभरही सरकल्या तर परत. "एक दाता चालतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. वीस व्हॉल्व्ह आहेत, वाकले की हेड खाली.

कॅम पुलीच्या मागची बाजू ऑइलने ओली दिसली तर सील आत्ताच बदला. तेलात भिजलेला बेल्ट सहा महिनेही भरवशाचा नाही.

तेल

तेल नुसतं बदलून भागत नाही, चेंबर उतरवावाच लागतो. टर्बोच्या उष्णतेने आणि स्वस्त मिनरल ऑइलने तळाला डांबरासारखा गाळ बसतो आणि तेल ओढणाऱ्या नळीची जाळी बुजते. जाळीसकट नळी नवी घाला, धुवून परत बसवू नका. आतल्या पापुद्र्यांचा एखादा तुकडा सुटला की सरळ टर्बोच्या बेअरिंगकडे जातो. चेंबरच्या कडेला सिलिकॉन सीलंटची 2 ते 3 मिमी जाडीची रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. त्याहून जाड केली तर आत फुटून तीच जाळी बुजवते.

टर्बोला तेल देणारी बारीक धातूची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाते. आत तेल जळून कोळसा होतो. हीही नवी. टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघा: बाजूला अगदी किंचित खेळ चालतो, आत-बाहेर खेळ अजिबात नको, आणि पात्याने घराला घासल्याच्या खुणा नकोत.

ऑइल 5डब्ल्यू-40 सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू 502 00 लिहिलेलं, फिल्टरसह साधारण साडेचार लिटर. ड्रेन बोल्ट 30 एनएम. चेंबर ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले तर चिकलठाण्यात कॉइल इन्सर्ट (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) मारून देणारा लेथवाला शोधत फिराल. पहिल्या सुरुवातीला कॉइलचे प्लग आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसतं फिरवा, दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती. सुरू झाल्यावर यांत्रिक गेज लावा. तेल 80 अंशांवर आणि 2000 आरपीएमला दाब 2 बारच्या खाली असेल तर गाडी बंद करा, जाळी किंवा पंप परत बघा.

हवा

इंजिन थरथरतं, दम नाही, स्कॅनरवर पी0171 किंवा 17705 हा दोष-कोड येतो, म्हणजे कुठेतरी हवा गळते. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली क्रँककेसच्या वाफा नेणाऱ्या रबरी नळ्यांचं जाळं आहे. तेल आणि उष्णतेने या नळ्या मऊ चिकट होतात किंवा उभ्या चिरतात, आणि चीर नेमकी खालच्या बाजूला असते जिथे नजर जात नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन बसा. या नळ्या एकेक बदलण्यात शहाणपण नाही, पूर्ण संच लावा.

नंतर दाबाची चाचणी. टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची टोपी, तिला टायरचा व्हॉल्व्ह, आणि रेग्युलेटरने फक्त अर्धा बार हवा. त्याहून जास्त दिली तर क्रँककेसमध्ये जाऊन सील ढकलते. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) उडाली तर समजा जास्त झालं. साबणाचं पाणी मारत जा: इंटरकूलरचे होज, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, थ्रॉटलचं गॅसकेट. गळती संपल्याशिवाय एअरफ्लो सेन्सर बदलण्यात पैसे घालू नका. बऱ्याचदा त्याचा काही दोष नसतो.

चार कॉइल एकदम बदला. स्पार्क प्लग थंड हेडमध्येच, 0.8 मिमी गॅप, 30 एनएम.

पेट्रोलचं थोडक्यात. जुनं पेट्रोल पूर्ण काढा. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं, आणि 2004 च्या रबराला त्याची सवय नाही. इंजिनजवळचे आणि टाकीवरचे सगळे रबरी होज एसएई जे30 आर9 दर्जाचे नवे, क्लिपाही इंधनाच्या. फिल्टर नवा, आणि पहिल्या दोन टाक्यांनंतर पुन्हा नवा. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवून आणतं.

वायरिंग, आर्म, ब्रेक

शेडमधल्या गाडीत उंदीर गेलेलेच असतात. बॅटरीखालचा हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि मागच्या सीटखालची वायर उघडून बघा. टेप गुंडाळून सोडू नका, सोल्डर आणि हीट-श्रिंक. पायाखालचा गालिचा ओला असेल तर वायपरखालची पाण्याची वाट पानांनी बुजली आहे किंवा एसीच्या फिल्टरच्या घराचं सील गेलं आहे. आधी ते, मग गालिचा. काच खाली पडली असेल तर मशिनची प्लास्टिक क्लिप तुटलेली असते, धातूच्या क्लिपा मिळतात.

खालच्या आर्मचा मागचा मोठा बुश आपल्या रस्त्यांवर आधी जातो. आर्म स्पेअरच्या गाडीचा, बुश आणि बॉल जॉइंट नवे. बुश प्रेसवर दाबायचा, हातोड्याने नाही, आणि काढण्याआधी त्याची दिशा खुणेने लिहून ठेवायची. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळा. लटकत्या गाडीत आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं.

मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची रचना आहे. पिस्टन दाबून नाही, दाबत फिरवत आत जातो. सी-क्लँप लावला तर आतला स्क्रू जातो. ब्रेकचे चारही रबरी पाइप नवे, ब्रेक ऑइल डीओटी 4, एक लिटर. चाकाचे बोल्ट 120 एनएम, 50 किलोमीटरनंतर परत तपासायचे.

पत्र्याची काळजी कमी. बॉडी गॅल्व्हनाइज्ड आहे आणि हवा कोरडी. फक्त पुढच्या मडगार्डचं प्लास्टिक अस्तर काढून आत साचलेली काळी माती काढा, गंज तिथेच मिळेल. रंगकाम जून ते सप्टेंबर टाळा, दमट हवेत वरच्या क्लिअर कोटवर दुधाळपणा येतो.

चाचणी

पहिले 200 किलोमीटर घराजवळ, टर्बोवर जोर न देता. मग स्कॅनर लावून कन्नड घाट: चाळीसगावकडे उतरा, ब्रेक थंड होऊ द्या, आणि एसी लावून परत चढा. तापमान 105 च्या आत राहिलं, वर थांबल्यावर पंखा लागून पाच-सात मिनिटांत बंद झाला, तर पाण्याचं काम जमलं. इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर तसंच चालू ठेवा, टर्बो निवतो. थंड झाल्यावर कूलंटची पातळी सकाळच्या खुणेशी जुळवा. 1000 किलोमीटरला ऑइल बदला आणि जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उजेडात उलगडा. काळी पूड चालते, चमकणारे कण दिसले तर चेंबर परत उतरवायचा.